गॉथिक अक्षरं: शैली निवडण्यापासून छपाईला देईपर्यंत

गॉथिक अक्षरांतला, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या जाड, टोकदार वळणाच्या रोमन अक्षरांतला मजकूर फसला की दोष काळ्या रेघांना दिला जातो. फॉन्ट फार जड आहे, फार टोकदार आहे, फार जुनाट वाटतो, वगैरे. बघायला हवं ते मात्र रेघांच्या मधलं पांढरं. या शैलीचा सगळा डौल एका साध्या हिशेबावर उभा आहे: उभी रेघ जेवढी जाड, साधारण तेवढीच तिच्या शेजारची मोकळी जागा. हा हिशेब जपला की पाचशे वर्षांपूर्वीचं वळणही आज डोळ्यांना सुखावतं. तो बिघडला की महागातला फॉन्टसुद्धा काळा डाग दिसतो. शैली कुठली घ्यावी, आकार किती ठेवावा, अंतर किती सोडावं, कापडावर भरता येईल का, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी याच हिशेबातून शोधतो. हा लेखही त्याच वाटेनं जातो.

हा हिशेब आला कुठून, तेही थोडक्यात बघू. बाराव्या शतकात युरोपात विद्यापीठं वाढू लागली, पुस्तकांची मागणी वाढली, आणि चर्मपत्र महाग होतं. त्याआधीची कॅरोलिंजियन लिपी गोलसर आणि ऐसपैस होती. लेखनिकांनी तिचे गोलावे मोडून कोन केले आणि अक्षरं अरुंद करून एकमेकांना खेटून बसवली. त्यामुळे एका पानावर जास्त मजकूर मावू लागला. दाटी वाढली तरी वाचता आलं पाहिजे म्हणून काळ्या-पांढऱ्याची ठरावीक लय पाळणं भागच होतं.

आधी ठरवा: वाचायचंय की बघायचंय?

फॉन्टची यादी उघडण्यापूर्वी एका प्रश्नाचं उत्तर लिहून काढा. हा मजकूर लोक पहिल्यांदाच वाचणार आहेत, की त्यांना तो आधीच ठाऊक आहे?

वृत्तपत्राचं नाव, संघाचं बोधचिन्ह, स्वतःच्या नावाची आद्याक्षरं हे सगळं लोक ओळखतात, अक्षर-अक्षर लावून वाचत नाहीत. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चं नाव गॉथिकमध्ये असूनही कुणाला अडत नाही ते यामुळेच. अशा ठिकाणी वळण कितीही नटवलं तरी चालतं. प्रमाणपत्रावरचं व्यक्तीचं नाव, कार्यक्रमाचा मथळा, पुस्तकाचं शीर्षक मात्र अनोळखी असतं. तिथे मोकळी, सुटसुटीत शैली घ्यायला हवी. पत्ता, तारीख, वेळ, सूचना यांना गॉथिक लावूच नका. ती माहिती वाचणाऱ्याला लगेच हवी असते.

शब्दसंख्येचंही ठरवून टाका. एक ते पाच शब्द उत्तम, एक ओळ चालेल, परिच्छेद नको. आजच्या वाचकाची नजर या वळणाला सरावलेली नाही, त्यामुळे तिसऱ्या ओळीला ती थकते.

चार घराणी आणि त्यांचा स्वभाव

गॉथिक हे एकच वळण नाही. मुख्य घराणी चार आहेत, आणि ‘चांगलं दिसतं’ एवढ्यावर निवड करण्यापेक्षा त्यांचा स्वभाव ओळखून केली तर पुढची निम्मी कामं सोपी होतात.

टेक्स्टुरा सर्वांत कडक. इथे गोलावा जवळजवळ नसतोच. सरळ उभ्या रेघा, आणि प्रत्येक रेघेच्या डोक्याला व पायाला पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा ठिपका. ओळ पूर्ण झाली की विणलेल्या कापडासारखी एकसंध पट्टी दिसते. गुटेनबर्गनं १४५५च्या सुमारास छापलेल्या बेचाळीस ओळींच्या बायबलचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, याच वळणाचे होते. हाताच्या लेखनाची बरोबरी करण्यासाठी त्यानं एकाच अक्षराची वेगवेगळ्या रुंदीची रूपं, जोडाक्षरं, संक्षेपचिन्हं असे कितीतरी खिळे पाडले, म्हणजे ओळ दोन्ही कडांना नीट बसेल आणि मधलं पांढरं कुठेही फाकणार नाही. गांभीर्य, विधी, सन्मान हा टेक्स्टुराचा सूर. तिचा धोकाही तिच्या शिस्तीतच आहे. इंग्रजी ‘मिनिमम’ हा शब्द टेक्स्टुरात लिहून पाहा: पंधरा उभ्या रेघा एका रांगेत उभ्या राहतात आणि एम कुठे संपला, आय कुठे सुरू झाला, कळत नाही. आयवर ठिपका देण्याची सवय पुढे पक्की झाली, ती याच गोंधळातून वाट काढण्यासाठी.

रोटुंडा हे दक्षिणेकडचं, म्हणजे इटली-स्पेनचं वळण. तिथल्या लेखनिकांनी गोलावे पूर्ण मोडले नाहीत. ओ, डी, बी यांची पोटं भरीव गोल राहिली, बऱ्याच उभ्या रेघांचे पाय सपाट कापलेले राहिले. गिरिजाघरात गायकांचा मोठा ताफा लांबून वाचू शकेल अशा अवाढव्य गीतग्रंथांत हे वळण वापरलं जायचं, यावरूनच त्याची वाचनीयता लक्षात येते. मला वाटतं, सजावटीसाठी या घराण्याकडे सर्वांत कमी लोक वळतात आणि तो तोटाच आहे. गॉथिकचं वजन हवं पण धाक नको असेल, तर पहिल्यांदा रोटुंडा बघा.

श्वाबाखर पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन प्रदेशात पुढे आली. रोजच्या भरभर लिहिण्याच्या वळणातून घडलेली, त्यामुळे रुंद, थोडी गावरान, बोलकी. तिचा ओ वर-खाली टोकदार आणि कडेनं फुगीर असतो, जीच्या डोक्यावर आडवी रेघ असते. कथेचं शीर्षक, हस्तकलेच्या वस्तूवरची पट्टी, आमंत्रण अशा जिव्हाळ्याच्या मजकुराला ती शोभते.

फ्रॅक्टुर सर्वांत नटवी. पवित्र रोमन सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याच्या आश्रयानं ती आकाराला आली. त्याच्यासाठी १५१३ मध्ये छापलेल्या प्रार्थनापुस्तकात आणि १५१७च्या ‘टॉयरडांक’ या काव्यात तिचं सुरुवातीचं रूप दिसतं. स्मॉल अक्षरांत अर्धा भाग मोडलेला, अर्धा गोल. उंच दांड्यांची टोकं दुभंगलेली. कॅपिटल अक्षरांना पुढे काढलेला लांब, वळणदार फराटा, ज्याला जर्मन लोक हत्तीची सोंडच म्हणतात. लय आणि नखरा दोन्ही हवं असेल तर फ्रॅक्टुर. पण तिची कॅपिटल अक्षरं अनोळखी डोळ्यांना दगा देतात: ए आणि यू सारखे वाटतात, बी आणि व्ही एकमेकांत मिसळतात, आय आणि जे तर बहुतेक फॉन्टमध्ये एकच असतात. स्मॉलमध्ये के टीसारखा दिसतो, एक्स आरसारखा. ज्या नावात ही अक्षरं आहेत, त्या नावाला फ्रॅक्टुर लावण्याआधी ते अनोळखी माणसाला दाखवा. त्यानं चुकीचं वाचलं तर फॉन्ट बदला. ‘एकदा कळलं की कळतं’ हा युक्तिवाद शीर्षकाला चालत नाही.

यांच्या जोडीला दोन नावं सतत भेटतील. ‘ओल्ड इंग्लिश’ म्हणजे इंग्लंडमध्ये टिकलेली टेक्स्टुराच, जरा भरलेली आणि कॅपिटल अक्षरं अधिक ओळखीची. पदव्या, वृत्तपत्रांची नावं, लॉस एंजेलिसच्या चिकानो (मेक्सिकन वंशाच्या अमेरिकी) लोकांच्या भित्तिलेखनातली नावं, डेट्रॉइट टायगर्स या बेसबॉल संघाच्या टोपीवरचा डी, हे सगळं तिच्याच जवळचं. नवख्यानं इथूनच सुरुवात करावी, कारण चुकलं तरी वाचता येतं. दुसरं नाव लोम्बार्डिक: ही फक्त मोठी, फुगीर कॅपिटल अक्षरं. हस्तलिखितांत ती लाल आणि निळ्या रंगांत आलटून पालटून रंगवायचे. अमेरिकी अक्षरकार फ्रेडरिक गौडी यांच्या १९२८च्या ‘गौडी टेक्स्ट’ या फॉन्टला जोड म्हणून लोम्बार्डिक कॅपिटल अक्षरं मिळतात, आणि टेक्स्टुरासोबत ती किती खुलतात ते तिथे बघण्यासारखं आहे.

फॉन्ट शोधणं आणि पारखणं

शोधताना नुसतं ‘गॉथिक’ टाकलं तर फ्रँकलिन गॉथिक, सेंच्युरी गॉथिक असे साधे, रेघांच्या टोकांना शेपट्या नसलेले (सॅन्स-सेरिफ) फॉन्ट समोर येतात, कारण अमेरिकेत छपाईच्या धंद्यात ते नाव त्या फॉन्टना पडलं. म्हणून ब्लॅकलेटर (या शैलीचं इंग्रजी नाव), फ्रॅक्टुर, टेक्स्टुरा, ओल्ड इंग्लिश या नावांनी शोधा. गूगल फॉन्ट्सवर युनिफ्राक्टुर मागुंटिया, पिराटा वन, ग्रेन्झ गोटिश, टेक्स्टुरिना हे मोफत आणि खुल्या परवान्याचे फॉन्ट आहेत. यांतला पिराटा वन स्क्रीनचा विचार करून सुटसुटीत केलेला, तर मागुंटिया अस्सल फ्रॅक्टुर. बाकी ठिकाणहून घेतलेल्या फॉन्टसोबतची परवान्याची फाइल उघडून वाचा. ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ लिहिलेला फॉन्ट विकायच्या वस्तूवर चालत नाही.

पारखायची माझी पद्धत अशी. नमुन्याच्या सुंदर वाक्याकडे दुर्लक्ष करायचं आणि स्वतःचा मजकूर, हव्या त्या आकारात टाइप करायचा. मग एन, एम, यू, आय ही चार अक्षरं सलग लिहून डोळे किलकिले करून बघायचं. रेघांची रांग एकसारखी करडी दिसली तर फॉन्ट बनवणाऱ्याला लय कळली आहे. मध्येच काळे गठ्ठे किंवा पांढऱ्या भेगा दिसल्या तर तो फॉन्ट सोडा. अशा फॉन्टची डागडुजी हातानं करत बसण्यात दिवस जातो. त्यानंतर आकडे, स्वल्पविराम, अवतरणचिन्हं, ‘अँड’चं चिन्ह तपासा. बऱ्याच फुकट फॉन्टमध्ये आकडे दुसऱ्याच कुठल्या तरी वळणाचे घातलेले असतात किंवा नसतातच. नावातल्या अक्षरांवर é, ü यांसारखी चिन्हं असतील तर तीही.

लांब एस ही आणखी एक भानगड. जुन्या लेखनात एसची दोन रूपं असत: शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये लांब, शेवटी गोल. लांब एस एफसारखा दिसतो. काही अस्सल जर्मन फॉन्टमध्ये एसची कळ दाबली की लांब एस उमटतो आणि गोल एस भलत्याच कळीवर ठेवलेला असतो. ऐतिहासिक प्रतिकृती करत असाल तर नियम पाळून लांब एस वापरा, नाहीतर सगळीकडे गोलच ठेवा.

शब्द मांडताना

पहिला नियम, आणि याला अपवाद शोधू नका: सगळी अक्षरं कॅपिटलमध्ये कधीही नाही. गॉथिक कॅपिटल अक्षरं एकटीनं उभं राहून पुढच्या स्मॉल अक्षरांना वाट दाखवण्यासाठी घडलेली आहेत. दोन शेजारी आली की त्यांचे फराटे एकमेकांत अडकतात. पहिलं अक्षर कॅपिटल, बाकी स्मॉल. आद्याक्षरांचंच चिन्ह करायचं असेल तर लोम्बार्डिक घ्या.

आता एक शब्द जवळून बघू. समजा इंग्रजी ‘मिडनाइट’ हे शीर्षक टेक्स्टुरात मांडायचंय. टाइप केल्यावर एम-आय-डी-एन-आय ही पाच अक्षरं म्हणजे जवळपास नुसत्या उभ्या रेघा, आणि शेवटचं जी-एच-टी जरा मोकळं. फॉन्टचं ठरलेलं अंतर बहुधा छोट्या मजकुरासाठी केलेलं असतं, त्यामुळे मोठ्या आकारात पहिला भाग घट्ट आणि शेवट सैल वाटतो. इथे सगळ्या शब्दाचं अंतर एकदम वाढवू नका. आधी एनच्या दोन दांड्यांमधलं पांढरं मोजा, तेच तुमचं माप. मग एकेक जोडी तपासा. पहिल्या आयच्या आणि डीच्या मध्ये तेवढंच पांढरं हवं. डीचा वरचा दांडा डावीकडे कललेला असतो, त्यामुळे वर दाटी आणि खाली मोकळं होतं. तिथे मोजपट्टीपेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवा आणि खालच्या भागातलं पांढरं जुळवा. एन आणि दुसऱ्या आयमध्ये तंतोतंत माप. जीची शेपटी ओळीखाली वळते, ती शेजारच्या अक्षराच्या पायाला टेकत नाही ना बघा. शेवटचा टी उजवीकडे मोकळा असतो, पण पुढे अक्षर नसल्यानं त्रास नाही. तो शब्दाच्या मध्ये असता, तर त्याच्या पुढचं अक्षर थोडं आत ओढावं लागलं असतं. आर, सी, ई यांचंही तसंच: उजवीकडे पोकळी राहते, पुढचं अक्षर जवळ आणा. सगळं झालं की शब्द उलटा करून बघा. अर्थ निघून जातो, नुसती लय उरते, आणि कुठे भेग आहे ते लगेच दिसतं.

दोन शब्दांमधलं अंतर कमी ठेवा. आयच्या रुंदीपेक्षा थोडं जास्त पुरतं. नेहमीच्या फॉन्टएवढी जागा सोडली की ओळीला भोक पडल्यासारखं वाटतं. ओळींचंही तेच. टेक्स्टुराची स्मॉल अक्षरं उंच आणि वर-खाली निघणारे दांडे आखूड असतात, म्हणून ओळी जवळ आणल्या तरी आदळत नाहीत, उलट भक्कम ठोकळा तयार होतो. फ्रॅक्टुरला मात्र वर-खाली श्वास घ्यायला जागा लागते.

अक्षरं विरळ पसरवायचा मोह आवरा. जर्मन छपाईत एखाद्या शब्दावर जोर द्यायला अक्षरं विरळ करायचे हे खरं, पण तेव्हाही सी-एच, सी-के, टी-झेड ही जोडाक्षरं फोडत नसत. आजचे ब्राउझर अंतर वाढवलं की जोडाक्षरं आपोआप तोडतात, आणि मग शब्दाची वीण उसवते. जोर द्यायचाय तर आकार वाढवा किंवा रंग बदला. तिरकं करणं, खाली रेघ ओढणं, कृत्रिमपणे जाड करणं यांतलं काहीच या अक्षरांना मानवत नाही. जाड केलं की आतलं पांढरं खाल्लं जातं आणि आपण सुरुवातीला मांडलेला हिशेबच मोडतो.

रंगाच्या बाबतीत जुन्या लेखनिकांचं ऐका. काळा मजकूर, आणि एखादं अक्षर किंवा ओळ शेंदरी लाल. हस्तलिखितांत मथळे आणि आद्याक्षरं लाल शाईनं लिहीत, वाचकाची नजर तिथे थांबावी म्हणून. सोनेरी करायचंच असेल तर सपाट सोनेरी करा. धातूची चमक, सावली, उठाव असे परिणाम एकावर एक चढवले की बारीक रेघा त्यात बुडतात.

सोबतचा मजकूर शांत असावा. साधा, जुन्या ढंगाचा रोमन फॉन्ट किंवा अगदी निरलंकार फॉन्ट. गॉथिकशेजारी लफ्फेदार तिरकं वळण ठेवलं की दोघंही ओरडू लागतात.

हातानं लिहायचं असेल तर

फॉन्टच वापरणार असाल तरीही एकदा हातानं लिहून पाहा. काळ्या-पांढऱ्याचा हिशेब बोटांना कळला की डोळे आपोआप तयार होतात.

सपाट टोकाचा टाक किंवा कॅलिग्राफीचा पेन घ्या, टोक ३ मिमीच्या आसपास. १ मिमीच्या टोकानं चुका दिसत नाहीत, म्हणून त्यानं शिकू नका. कागद गुळगुळीत, शाई न पसरणारा. आखणी टोकाच्या रुंदीवरून करायची: स्मॉल अक्षराची उंची पाच रुंद्या, वरचे दांडे आणखी दोन, खालच्या शेपट्या दोन. म्हणजे ३ मिमीच्या टोकाला १५ मिमी उंचीचं अक्षर आणि वर-खाली ६-६ मिमी. टोक आडव्या रेषेशी ४० ते ४५ अंशांत धरायचं आणि तो कोन शेवटपर्यंत बदलायचा नाही. मनगट फिरलं की जाडी बदलते, जाडी बदलली की पांढरंही बदलतं.

एन कसा लिहायचा ते बघा. वरच्या रेषेवर टोक टेकवून उजवीकडे खाली छोटासा तिरका ओढा घ्या, चौकट तयार होईल. तिच्यातून सरळ खाली या, खालच्या रेषेच्या थोडं आधी थांबा, आणि पुन्हा तसाच तिरका ओढा घेऊन पाय बसवा. हा झाला पहिला दांडा. दुसऱ्या दांड्याची वरची चौकट पहिल्याच्या खांद्याला कोपऱ्यानं टेकली पाहिजे, आणि दोन दांड्यांमध्ये टोकाच्या एका रुंदीएवढं पांढरं उरलं पाहिजे. हा एन जमला की एम, यू, आय जमले. यूमध्ये वरचा भाग उघडा आणि पाय जोडलेले, एवढाच फरक.

सुरुवातीला पानभर नुसते दांडे काढा. मग एन-एम-यू-आय. त्यानंतर ओ, डी, बी, पी ही पोटाची अक्षरं, मग ए, सी, ई, आर. एस, के, एक्स, झेड शेवटी, कारण त्यांची रचना नुसत्या सरळ दांड्यांवर उभी नाही आणि लय तिथेच तुटते. कॅपिटल अक्षरांना घाई करू नका. अंतिम प्रत काढण्याआधी बटर पेपरवर पूर्ण शब्द लिहा, त्याची लांबी मोजा, मध्य काढा, आणि मग चांगल्या कागदावर उतरवा.

कशावर उमटणार आहे?

कागदावर काळ्या शाईत छापणं सर्वांत सोपं. काळ्यावर पांढरी अक्षरं उलटी छापताना शाई कडेनं आत पसरते आणि फ्रॅक्टुरच्या केसासारख्या रेघा भरून जातात. तिथे जाड आणि मोकळं वळण घ्या. स्क्रीनवर ३० पिक्सेलपेक्षा लहान आकारात गॉथिक लावणं मी टाळतो, कारण अक्षरांच्या आतल्या फटी धूसर होतात.

भरतकामात साटिन टाका (रेघ आडव्या, खेटलेल्या दोऱ्यांनी भरणारा) एक मिमीपेक्षा अरुंद झाला की नीट बसत नाही. म्हणजे अक्षराची सर्वांत बारीक रेघ किती मिमी होणार, ते शिवायच्या आकारात मोजा. फ्रॅक्टुरच्या सोंडा इथे मार खातात, ओल्ड इंग्लिश निभावते. फ्लेक्सवर किंवा भिंतीवर लांबून बघायचं असेल तर नमुना लहान छापून तितक्या पावलांवरून बघा.

लेझरनं लाकूड किंवा पत्रा कापताना ए, ओ, डी यांच्या आतला भाग सुटून पडतो, म्हणून तो भाग बाहेरच्याला धरून ठेवणारे अरुंद पूल न कापता ठेवावे लागतात. गॉथिकची इथे मोठी सोय आहे. टाकाचा ओढा जिथे मोडतो, म्हणजे दांडा आणि चौकट यांच्या सांध्यावर, तिथे पुलासाठी फट ठेवली तर ती अक्षराचाच भाग वाटते.

गोंदणासाठी वळण निवडताना तर दुप्पट सावध राहा. त्वचेतली शाई वर्षांनुवर्षं थोडी थोडी पसरते आणि लहान पोकळ्या बुजतात. आकार मोठा, आतलं पांढरं सैल, आणि स्पेलिंग दोन वेगळ्या माणसांकडून तपासलेलं. ज्यांना हे वळण वाचायची सवय नाही अशांकडून.

सोशल मीडियावरची ‘गॉथिक’ अक्षरं

मजकूर टाकला की गॉथिक करून देणारी संकेतस्थळं आहेत. ती फॉन्ट देत नाहीत. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, गणितासाठी राखलेली फ्रॅक्टुर चिन्हं असतात, ती एकेका अक्षराच्या जागी बसवून देतात. गणितज्ञांना समीकरणांत वेगवेगळ्या वळणांची अक्षरं वेगळ्या अर्थानं लागतात, म्हणून ही चिन्हं २००१ मध्ये युनिकोडच्या ३.१ आवृत्तीत आली.

यातून काही व्यावहारिक गोष्टी निघतात. साध्या फ्रॅक्टुर संचात सी, एच, आय, आर, झेड ही पाच कॅपिटल अक्षरं नाहीत, कारण ती आधीच दुसऱ्या विभागात होती. त्यामुळे ती कधी कधी बाकीच्यांपेक्षा वेगळ्या जाडीची दिसतात. ठळक फ्रॅक्टुर संच पूर्ण आहे, म्हणून निवडायचाच असेल तर तो. आकडे दोन्ही संचांत नाहीत. देवनागरी तर नाहीच, त्यामुळे मराठी मजकूर टाकला तर तो जसाच्या तसा परत येतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्यांना दिसत नाही ते पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडर या सॉफ्टवेअरवर अवलंबून असतात, आणि ते अशी अक्षरं एकतर गाळतं किंवा प्रत्येक अक्षर ‘गणिती ठळक फ्रॅक्टुर अमुक’ असं वाचत बसतं. शोधातही हा मजकूर सहसा सापडत नाही, हॅशटॅग जुळत नाही. म्हणून प्रोफाइलच्या ओळखीत एखादा सजावटीचा शब्द ठीक, पण नाव, संपर्क, दुवा आणि पोस्टचा मुख्य मजकूर साध्या अक्षरांतच ठेवा. चित्र करून टाकत असाल तर चित्राच्या वर्णनात मजकूर साधा लिहा.

देवनागरीला गॉथिक वळण देता येतं का?

येतं, पण तयार फॉन्ट शोधण्यापेक्षा शब्द रेखाटून घेणं बरं. अडचण कापाची, म्हणजे लेखणीच्या तिरप्या छाटलेल्या टोकाची आहे. देवनागरीच्या बोरूचा काप रोमनच्या उलट दिशेला असतो, त्यामुळे रोमनच्या कोनात देवनागरी लिहिली की जाड-बारीक भलत्या जागी पडतं. दोनपैकी एकच कोन धरा आणि पूर्ण शब्दभर पाळा.

शब्दाची निवड इथे फार मोलाची. म, न, स, ग, प अशी दंडाची अक्षरं आणि काना भरपूर असतील तर उभ्या रेघांची लय आपसूक मिळते. ‘समान’ सुंदर बसतो, ‘झुळूक’ झगडायला लावतो. व, ब, प यांची पोटं दोन कोनांत मोडा. ल आणि ळ यांचा एकेक गोलावा मात्र राहू द्या, नाहीतर अक्षर ओळखू येत नाही. शिरोरेषा ही खरी कसोटी. ती अखंड ठेवली तर वरचा भाग काळा होतो आणि खालच्या रेघा लोंबकळल्यासारख्या दिसतात. मी ती दांड्यापेक्षा बारीक करतो, किंवा प्रत्येक अक्षरावर तोडून तिची टोकं तिरकी कापतो. वेलांट्या आणि उकार केसरेघांनी काढावेत, म्हणजे नखऱ्याची जागा तिथे मिळते.

वळणाबरोबर येणारा अर्थ

गॉथिक अक्षरं वाचण्याआधीच काहीतरी सुचवतात. परंपरा, धर्म, बंडखोर संगीत, आणि काही लोकांना नाझी राजवट. या शेवटच्या संबंधाबद्दल नेमकं ठाऊक असावं. नाझींनी सुरुवातीला हे वळण ‘अस्सल जर्मन’ म्हणून मिरवलं. पुढे ३ जानेवारी १९४१ रोजी नाझी पक्षाचा अधिकारी मार्टिन बोरमान याच्या परिपत्रकानं ते ज्यूंचं ठरवून सरकारी वापरातून बाद केलं. तो आरोप खोटा होता, आणि कित्येक शतकांची ही परंपरा त्या बारा वर्षांची मालमत्ता नाही. तरीही १९३०च्या दशकात निघालेले ‘टानेनबर्ग’सारखे करकरीत, सरळसोट, निर्दय भासणारे फॉन्ट त्या काळाशी घट्ट जोडले गेले आहेत. ते टाळा. लाल-पांढऱ्या-काळ्या रंगसंगतीत गरुड किंवा झेंडा यांच्या जोडीला गॉथिक नको. रोटुंडा, ओल्ड इंग्लिश किंवा हातानं लिहिलेली सैल टेक्स्टुरा घेतली की हा गैरसमज सहसा होत नाही.

पाठवण्यापूर्वी

खऱ्या आकारात एक प्रत छापा आणि ती हातात घेऊन नाही, तर जिथे लागणार तिथे ठेवून बघा. शब्द न सांगता दुसऱ्याला वाचायला द्या. मजकुराची मूळ, बदलता येणारी फाइल जपून ठेवा, आणि तिची प्रत करून त्यात फॉन्ट कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून घ्या. नाहीतर छपाईवाल्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की भलतंच वळण उमटतं. कर्व्ह केल्यावर अक्षरं मोठी करून प्रत्येक आतली पोकळी तपासा. एकमेकांवर चढलेल्या आकारांत कधी पांढऱ्या जागी काळं भरलं जातं, कधी दोन अक्षरांच्या सांध्यावर पांढरा ठिपका उरतो. ते जोडून घ्या, आणि पीडीएफसोबत चित्राची एक प्रतही पाठवा, म्हणजे समोरच्याला ताडून बघता येईल.